ओल्या गिलाव्यावरची माय

माझ्या मायचा एकही फोटो नाही. तिच्या काळात फोटो काढायचा तर हिंगोलीला जावं लागायचं, आणि ती उभ्या जन्मात आखाडा बाळापूरच्या बाजारापुढं गेली नव्हती. पण तिचा चेहरा होता. आमच्या गावच्या चर्चात, समोरच्या भिंतीवर, येशूच्या आईच्या जागी. तो आता नाही. गावात कोणी म्हणतं पावसानं गेला, कोणी म्हणतं सरकारनं लक्ष दिलं नाही. दोन्ही खोटं आहे. तो मी घालवला, म्हणून मीच लिहितो.

मी तिसरीपर्यंत शिकलेला गवंडी. लिहिण्यात चुका असतील. गिलाव्यात नसायच्या.

चर्च बांधलं इटलीहून आलेल्या एका फादरनं. वारंगा फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत, आमच्या गावाच्या खालच्या अंगाला. निजामाचं राज्य जाऊन फार वर्षं झाली नव्हती. गावात ख्रिस्ती घरं सात-आठ. आम्ही बौद्ध. पण कामाला जातधर्म नसतो, आणि चुना मळायच्या घाणीवर माझी माय आणि मी दोघंही होतो. बैल गोल फिरायचा, दगडी चाक चुना-वाळू मळायचं, माय टोपल्यानं ते भिंतीपाशी न्यायची. कळीचा चुना विझवताना एकदा थेंब उडून तिच्या डाव्या भुवईवर बसला होता. तिथं केस परत आले नाहीत, बोटाएवढी खाच राहिली.

फादरच्या गावात डोंगरावर एक जुनं चर्च होतं. सात-आठशे वर्षांचं, असं तो सांगायचा. त्याचा बाप, आजा, पणजा त्याच चर्चाचा गिलावा सांभाळत आलेले. आत जमिनीपासून छतापर्यंत चित्रं. बापाच्या हाताखाली राहून, पडलेला गिलावा सांधता सांधता फादर चित्रं काढायला शिकला, आणि मग पाद्री झाला. त्याला ते अख्खं चर्च आमच्या गावात परत काढायचं होतं. डावीकडच्या भिंतीवर गोठ्यातला जन्म, उजवीकडं शेवटचं जेवण, समोर आई आणि मांडीवर मूल, सगळं तिथल्यासारखं. फक्त गोठ्यातला बैल त्यानं लाल कंधारी काढला, कारण समोर तोच होता. जेवणाच्या पंगतीत भाकरी आल्या. मुलाला बघायला आलेल्या तीन राजांतल्या एकाच्या डोक्यावर रुमी टोपी, निजामाच्या तहसीलदारासारखी. त्या राजाला पाहून म्हातारी माणसं अजूनही हसतात.

चित्र काढायची त्याची रीत अशी, की रंग ओल्या गिलाव्यावरच लावायचा. गिलावा सुकताना रंगाला धरून ठेवतो, मग तो पुसता येत नाही, धुता येत नाही. म्हणून दिवसभरात जेवढं रंगवून होईल तेवढाच तुकडा पहाटे लिंपायचा. ते लिंपण माझ्याकडं होतं. पंधरा-सोळा वर्षांचा होतो. तो माझ्या गिलाव्यावर उलटा हात फिरवायचा, आणि नाही पटलं तर थापीनं सगळा खरवडून टाकायचा.

"छोटे उस्ताद, फिरसे."

"आता काय झालं ह्याला?"

"कुछ न्हाई झालं. म्हणून फिरसे."

मला लई राग यायचा. पण तसा गिलावा नंतर मी कुणासाठी केला नाही, आणि कुणी मागितलाही नाही.

समोरच्या भिंतीवरची आई त्यानं सगळ्यात शेवटी घेतली. त्या दिवसांत माझी माय दुपारी लिंबाखाली बसून भाकर खायची, मांडीवर माझी धाकटी बहीण. फादर लांबून कोळशानं कागदावर काही तरी ओढत बसायचा. भिंतीवर चेहरा उतरला त्या दिवशी मी खाली उभा राहून बघितलं. रुंद कपाळ, बसकं नाक, डाव्या भुवईत खाच.

मी विचारलं, "ही माझी माय हाय का?"

तो वरून म्हणाला, "काम कर. गिलावा सुखून राहिला."

मायला ओढत आणून दाखवलं. तिनं पदर दातात धरून बराच वेळ बघितलं. "मला काय ठाव मी कशी दिसती? आरसा कुठं हाय आपल्या घरी?" मग म्हणाली, "हात बराबर न्हाई काढले. माझे हात असे मऊ हायत व्हय?" आणि टोपलं उचलून गेली. बहीण पुढच्या उन्हाळ्यात तापानं गेली. माय माझ्या लग्नाच्या आधी गेली. फादरला म्हातारपणी त्याच्या देशात बोलावून घेतलं, तो तिकडंच वारला म्हणतात.

पुढं साठ वर्षं मी हे सांगत राहिलो आणि गाव हसत राहिलं. म्हणायचे, फादरनं त्याच्या गावची नक्कल केली, तो स्वतःच सांगायचा, मग बाई तुझी माय कशी? भुवईतली खाच म्हणजे गिलाव्याचा टवका उडालाय. टवका! माझ्या गिलाव्याचा! याच्यावरून मी एका माणसाशी बोलणं सोडलं ते तो मरेपर्यंत. बायकोनं माझ्या मायला कधी पाहिलं नव्हतं, पण टोमणा तिचाही ठरलेला. "सासूला माझ्या इटलीची करून टाकलं तुमी. म्हणूनच मला नांदवायला आली न्हाई ती."

ख्रिस्ती घरं हळूहळू नांदेडला, पुण्याला गेली. महिन्याची प्रार्थना वर्षावर आली, मग बंद पडली. किल्ली माझ्याकडं राहिली. मी रोज जायचो, झाडायचो. त्यांच्या देवासाठी नाही, माझ्या घरात बुद्धाची तसबीर आहे. मी मायला बघायला जायचो.

चार-पाच वर्षांमागं छताची कौलं फुटली आणि समोरची भिंत ओल धरू लागली. लोणा चढला. पांढरी भुकटी आधी मायच्या हातांवर आली, मग गळ्यावर, मग तोंडावर. एका हिवाळ्यात नुसते डोळे तेवढे दिसायचे.

तेव्हा एक पोरगी आली. जुन्या इमारतींचं शिक्षण घेतलेली, संभाजीनगरची. दोन दिवस भिंतीला नाक लावून फिरली, फोटो काढले. जाताना म्हणाली, "आजोबा, भिंतीला हात लावू नका. फक्त छत झाका. भिंत वाळू द्या. मी परवानगीचं बघते, मग येऊन साफ करू."

"कवा येशीन?"

"वर्ष लागेल कदाचित."

"तवर काय बघत बसू? हा गिलावा माझ्या हातचा हाय, पोरी. तू जन्माला नव्हती."

"म्हणूनच सांगते आजोबा. तुम्हाला तर माहीत आहे चुन्याची भिंत कशी असते."

मला माहीत होतं. हे मी लपवणार नाही. चुन्याच्या भिंतीला तेलकट रंग लावत नाहीत, हे मी माझ्या हाताखालच्या दहा पोरांना शिकवलं होतं. पण विशीतली पोरगी मला सांगते हे डोक्यात बसलं. आणि रोज माय थोडी थोडी पांढरी होत होती. वर्ष थांबायला माझ्याकडं वर्ष उरलं होतं का, हेही मनात होतं.

छत मी झाकलं नाही. बाळापूरहून ऑइल पेंट आणला. भिंतीला खालून दोन हात उंचीपर्यंत सिमेंट मारलं. लोणा फडक्यानं खसाखसा पुसला, आणि मायचा चेहरा वरून रंगवला. कपाळ, नाक, गाल. खाच मुद्दाम ठळक केली, गावानं बघावं म्हणून. चार दिवस लागले. गावातली पोरं मोबाइल घेऊन आली. "बाबा, तुमची माय तर चमकून राहिली!" मी पायऱ्यांवर बसून होतो, पाहुण्यांना आत पाठवत होतो. बायको आली, बघून म्हणाली, "अवो, गाल इतके गुलाबी काहून केले? सिनेमातली दिसून राहिली." मी तिला हाकलून दिलं.

पावसाळ्यात फुगे आले. आधी कपाळावर एक, बोटानं दाबला की आत पाणी हालायचं. मी कुणाला सांगितलं नाही. दार बंद ठेवू लागलो. पावसाळा सरता सरता एका सकाळी दार उघडलं तर चेहरा खाली पडलेला. नुसता रंग नाही. गिलाव्याचा पापुद्रा रंगाला चिकटून निघाला होता, मागं उघडे दगड. उचलायला गेलो तर हातात पीठ झालं.

पोरगी परत आली ती त्यानंतर महिन्याभरानं. परवानगी घेऊन, दोघं सोबती घेऊन. भिंतीपुढं उभी राहिली, रागावली नाही. रागावली असती तर मी भांडलो असतो.

"रंगानं भिंतीचं तोंड बंद झालं आजोबा. ओल आतच कोंडली."

"लोणा काय कमी खात होता?"

"लोणा वरवर होता." तिनं मोबाइलमध्ये पहिल्या खेपेचा फोटो काढून दाखवला. पांढरा डाग, त्यात दोन डोळे. "याच्याखाली चेहरा शाबूत होता. मऊ ब्रशनं हळूहळू निघाला असता."

मग ती म्हणाली, "मी एक आणलंय तुमच्यासाठी," आणि मोबाइलमधला दुसरा फोटो दाखवला. फादरच्या गावचं चर्च. तिनं तिकडं पत्र लिहून मागवला होता. गोठा तसाच, पंगत तशीच, ज्याच्या त्याच्या जागी तोच माणूस. इतक्या शतकांत कुणी वरून हात मारला नव्हता. मधोमध आई, मांडीवर मूल. लांबट तोंड, धारदार नाक, दोन्ही भुवया अखंड.

बायको चहा घेऊन आली होती. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. चाळीस-पन्नास वर्षं तीही ती भिंत बघत आली होती.

"ही बाई येगळी हाय," ती म्हणाली. "आपली अशी न्हवती. अवो, ती तुमचीच माय व्हती की!"

एवढं ऐकायला मी साठ वर्षं थांबलो होतो. ऐकलं, आणि मागं वळून बघितलं तर दगड.

मग मी फोटो शोधत हिंडलो. गावात ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये मी रंगवलेलीच बाई, गुलाबी गालांची. नांदेडला गेलेल्या एका ख्रिस्ती घरी त्यांच्या बापाच्या लग्नाचा फोटो निघाला, आमच्या चर्चात काढलेला, समोरच्या भिंतीपुढं. नवरीच्या डोक्यावर पांढरी जाळी, आणि ती जाळी बरोबर मायच्या तोंडावर. बाजूनं तिचा एक खांदा दिसत होता. घरच्या सुनेनं विचारलं, "बाबा, काय शोधून राहिले?" मी म्हणालो, "काही न्हाई, भिंत बघत होतो."

परवा पोरगी पुन्हा आली होती. डावी-उजवी भिंत वाचेल म्हणाली. समोरची तशीच कोरी ठेवणार, पण कागदावर नोंद करायची आहे. चित्रकार सोबत होता. "आजोबा, तुम्ही सांगा, हा काढेल. आई कशी होती?"

मी डोळे मिटले. सांगायला लागलो, कपाळ रुंद. तो काढू लागला. नाक बसकं. भुवईत खाच. मग त्यानं विचारलं, डोळे कसे, ओठ कसे, आणि मी आत बघू लागलो तर मला मायच दिसेना. दिसली ती ऑइल पेंटची. गुलाबी गाल, ठळक खाच, मी काढलेले डोळे. लिंबाखालची आठवून बघितली, घाणीवरची आठवून बघितली, टोपलं घेऊन जाणारी. अंग तिचंच, लुगडं तिचंच, आणि वर ते तोंड.

चित्रकार पेन्सिल धरून थांबला होता. पोरगी म्हणाली, "घाई नाही आजोबा."

मी त्याला कागद फाडून टाकायला सांगितलं, आणि चर्चाची किल्ली त्या पोरीच्या हातात दिली.