एक नंबर जिवंत आहे

ऑफिसातली पोरं त्याला कुलूपकाका म्हणत. त्यात प्रेम किती आणि टवाळी किती, हे तपासायच्या भानगडीत तो पडला नव्हता. नकाशे तयार करणाऱ्या त्या खात्यात तो यंत्रं सांभाळायचा. वरच्या मजल्यावर लिनक्सची तीन यंत्रं, तळघरात नेटवर्कने सगळ्यांना जोडलेली एक सामाईक डिस्क, आणि मध्ये तो. मधल्या माणसाच्या वाट्याला येतं तेच त्याच्याही येई : दोन्हीकडची बोलणी.

नकाशा काढणारा प्रोग्राम आपल्या साऱ्या सामानासकट एका बंद कप्प्यात चाले. पुस्तकात त्याला कंटेनर म्हणतात, ऑफिसात डबा. डबा कामाला लागला की आधी एक इवलीशी फाईल ठेवी : इथे मी आहे, दुसऱ्याने शिरू नये. हे कुलूप. काम संपलं की ते त्याने स्वतःच काढून न्यावं, अशी अपेक्षा. पण डबे मध्येच मरतात, आणि कुलूप मागे राहतं. घर जळून गेलं तरी कडी लावलेलीच.

इथवरही चाललं असतं. चालू प्रोग्रामला यंत्र एक नंबर देतं; कुलपात डबा आपला तो नंबर लिहून ठेवी, म्हणजे पुढच्याने तो नंबर जिवंत आहे का ते पाहावं आणि नसेल तर कुलूप खुशाल मोडावं. पण डब्याच्या आत जो पहिला प्रोग्राम चालतो, त्याचा नंबर कायम एकच : एक. डबा कुठलाही असो, आपल्या घरात तोच एक नंबर. मग नवा डबा येई, मेलेल्याचं कुलूप वाची, एक नंबर हयात आहे का म्हणून इकडेतिकडे पाही, त्याला तो स्वतःच सापडे, आणि अदबीने थांबून राही. पडद्यावर ओळ येत राही : एक नंबर जिवंत आहे, थांबतो. स्वतःचीच वाट पाहत बसलेले लोक कुलूपकाकाने खात्यातही पुष्कळ पाहिले होते, पण त्यांना निदान पगार मिळे.

मग तो येऊन हाताने कुलूप काढी. हे त्यानेच करायचं, असं साहेबांचं फर्मान होतं. गेल्या वर्षी तो तापाने फणफणून घरी पडला असताना एका उत्साही सहकाऱ्याने मेलेलं समजून जिवंत डब्याचं कुलूप काढलं. दोन डबे एकाच फोल्डरात लिहीत सुटले आणि छापून आलेल्या नकाशात एक नदी डोंगर चढून पलीकडे उतरली. नदीला कुणी काही बोललं नाही. काकांची सुटी मात्र त्या दिवसापासून बंद झाली.

उपाय त्याला कधीचा ठाऊक होता. ही कुलपं त्या त्या यंत्रावरच्या कच्च्या कामाची राखण करायची; सामाईक डिस्कवर त्यांचं काहीच काम नव्हतं. कुणीतरी कधीतरी सगळे फोल्डर तळघरात हलवले, तेव्हा तीही सामानाबरोबर गेली. ती यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर आणायची, आणि नुसत्या फाईलच्या असण्या-नसण्यावर न विसंबता कुलूप खुद्द यंत्र चालवणाऱ्या लिनक्सच्या मुठीत द्यायचं. डबा मेला की लिनक्स मूठ सोडतं. बदल दोन ओळींचा. साहेब म्हणाले, चालतंय ना सगळं? तो म्हणाला, चालत नाही, मी चालवतो. साहेब प्रसन्न हसले.

"तेच म्हणतोय मी. तुम्ही आहात ना."

आणि मग ताईचा फोन आला. गुरुवारी तिच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. आई गेल्यावर या बहिणीनेच त्याला वाढवलं होतं. मागे तिचं पित्ताशय काढलं, तेव्हा नकाशे अडले म्हणून तो स्टेशनवरून परत फिरला होता. ताई त्यावर एक शब्द बोलली नव्हती, आणि न बोलण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. आताही ती म्हणाली, तू येच असं नाही म्हणत मी. तुझ्या भाऊजींना दवाखान्यात घेरी येते, म्हणून आपलं कानावर घातलं.

बुधवारी समिती बसली. कुठलाही बदल समितीतूनच जाई. त्याने अडकलेला डबा पडद्यावर दाखवला. अध्यक्षांनी चष्मा वर करून ती ओळ वाचली.

"हा एक नंबर कोण?"

"तोच, साहेब."

"आणि थांबलाय कुणासाठी?"

"स्वतःसाठी."

"किती वेळ थांबेल?"

"कुणी उठवत नाही तोवर. आपल्यासारखंच."

शेवटचा शब्द त्याने पुटपुटायचा ठरवला होता, तो स्पष्ट निघाला. समिती दिलखुलास हसली, विषय फारच रंजक असल्याचं नोंदवलं गेलं, आणि तो लेखी अभिप्रायासाठी पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. बाहेर येताना साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, उद्याच्या सुटीचं काही जमेल असं वाटत नाही, छपाई आहे.

घरी बायको बॅग भरत होती. सुटी मंजूर झाली का, तिने विचारलं. नाही म्हणाला. तिने बॅगेत आणखी एक शर्ट घातला.

गुरुवारी तो दवाखान्यात पोचला तेव्हा ताईला आत नेलेलं होतं. भाऊजी बाकावर आडवे झाले होते आणि एक नर्स त्यांनाच पाणी पाजत होती. तेवढ्यात साहेबांचा फोन. तिन्ही यंत्रं थांबलीत, कुठली फाईल काढायची तेवढं सांगा. इथून दिसत नाही, तो म्हणाला. कोण मेलंय आणि कोण जगतंय हे न पाहता सांगितलं तर नदी पुन्हा डोंगर चढेल. त्या दोन ओळी घाला, मी वाचून दाखवतो.

"पण समितीची मंजुरी?"

"मग थांबा," तो म्हणाला आणि फोन बंद करून टाकला. नोकरीत वरिष्ठाचा फोन त्याने पहिल्यांदाच बंद केला होता.

दुपारी ताईने डोळे किलकिले केले. जीभ जड होती.

"सोडलं त्यांनी तुला?"

"नाही."

"मग?"

"आलो."

ती काही बोलणार असं वाटलं, पण ती ताईच होती. उशी जरा डावीकडे घे, म्हणाली. त्याने घेतली. मग म्हणाली, इतकी नको.