खडूवर उमटलेली रेघ

“वर घर हाय, पर खाली गाडीच हाय. आदी गाडी बगा, मग पडदं बगा.”

गिऱ्हाईक दारात उभं राहून पडद्यांचा रंग, घडीचा पलंग, छोटी शेगडी न्याहाळत असायचं आणि तोवर हा माणूस पोतं अंथरून, पाठीवर पडून गाडीखाली सरकलेला असायचा. बाहेर नुसते दोन पाय दिसायचे आणि हे वाक्य खालून यायचं.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझी एक शेड आहे. वडिलांच्या वेळी तिथे उसाच्या ट्रॉल्या व्हायच्या. मी जीपमागे जोडून न्यायच्या सहलीच्या गाड्या करायला लागलो. आत झोपायला जागा, ओटा, पाण्याची टाकी. वाटेल तिथे न्यायची, उभी करायची, राहायचं. अशी एखादी गाडी रस्त्यावर तुम्हीही पाहिली असेल, आणि माझ्यासारखंच तुमचंही लक्ष आधी तिच्या खिडकीकडे गेलं असेल. खाली चाकामागे गाडीचा सगळा भार सोसणारे लोखंडी कमानपाटे असतात, तिकडे कोण बघतं?

ते बघायला आमच्याकडे मेजर होते. खरे मेजर नव्हते. फौजेत गाड्यांच्या दुरुस्तीचं काम करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण साताऱ्याकडे फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला गाव मेजर म्हणतं, त्याला इलाज नाही. घर पाटणच्या बाजूला, थोडी शेती. कुपवाडात भाड्याची एक खोली. महिन्यातून दोनदा गावी जाऊन यायचे.

साताऱ्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची बायको, त्याही शिक्षिका, आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. आम्ही त्यांना सर आणि बाई म्हणायचो. पहिली सहल करून ते गाडी दाखवायला आले तेव्हा बाई आत बसून मला कोकणातल्या गमती सांगत होत्या. तेवढ्यात पायांखालून आवाज आला.

“बाई, डाव्या कपाटात काय भरलंय?”

“काही नाही हो. थोडं सामान.”

“थोडं न्हाई. डावी बाजू पार झोपलीय.”

बाईंनी ओशाळून कपाट उघडलं. आत चक्क पाटा-वरवंटा! मिक्सरच्या चटणीला चव नसते म्हणून घरून आणलेला. मेजर बाहेर आले, अंग झटकलं, कपाटात डोकावले आणि म्हणाले, “बाई, तुमचा पाटा माज्या पाट्यावर बसलाय की!”

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यानंतर कुपवाडला येताना मेजरांसाठी त्यांची चटणीची एक बरणी ठरलेली.

नवी गाडी शंभर किलोमीटर चालली की पाट्यांचे नट पुन्हा आवळावे लागतात. आम्ही कागदावर लिहून द्यायचो, लोक कागद हरवायचे. मग मेजरांनी प्रत्येक गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहायला सुरुवात केली: नट आवळा. खाली स्वतःचा मोबाइल नंबर. तेवढ्यावरही भागेना, म्हणून ते स्वतःच फोन करायचे. “जेवलात का?” विचारावं तसं “नट आवळलं का?” विचारायचे. एका गिऱ्हाइकाने मला कळवळून सांगितलं, “अहो, बायकोसुद्धा दिवसाला इतके फोन करत नाही.” मी मेजरांना जरा दमानं घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, “मालक, त्यास्नी राग येऊ दे. राग आला तर नट ध्यानात ऱ्हातोय.”

गाडी चालत असताना आत कुणी बसायचं नाही, हे मात्र ते चढ्या आवाजात सांगायचे. सांगताना समोरच्याने मान हलवली तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. त्याच्याकडून ते तोंडाने वदवून घ्यायचे. सरांसारख्या मुख्याध्यापकालाही त्यांनी ते वदवलं होतं.

आता मला ते सांगायचं आहे, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं.

सर आणि बाई गाडी घेऊन आले, सोबत मुलगा आणि नात. मुलगा पुण्याहून सुट्टी काढून आला होता. खिडक्यांना नव्या जाळ्या बसवायच्या आणि दुसऱ्या दिवशी इथूनच कोयनेकडे निघायचं, असा बेत. रात्री ते सांगलीत नातेवाइकांकडे उतरणार होते. गाडी दोन पावसाळे भरपूर फिरलेली. ते गेले आणि मेजर पोतं घेऊन खाली सरकले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मग त्यांनी मला हाक मारली. मी वाकलो. डाव्या बाजूचा मुख्य पाटा पुढच्या टोकाला जिथे गोल वळतो, तिथे त्यांनी बोट ठेवलं होतं. मला काही दिसेना. त्यांनी फडक्याने तिथे रॉकेल लावलं, कोरडं पुसलं आणि वरून खडू घासला. “बगत ऱ्हावा,” म्हणाले. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटली. पाट्याच्या चिरेत मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

“ही गाडी जाणार न्हाई,” मेजर म्हणाले.

“मेजर, उद्या त्यांची सहल आहे.”

“सहल पुढं ढकला म्हणावं.”

त्या मापाचा पाटा कोल्हापूरहून यायला चार दिवस लागणार होते. मेजरांनी गाडीच्या पुढच्या दांड्याला लाल फडकं बांधलं. हा त्यांचा फौजेतला रिवाज. फडकं बांधलेली गाडी हलवायची नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावी भावकीतलं लग्न होतं. संध्याकाळच्या गाडीने ते गेले.

सकाळी सर आले. नात उड्या मारत होती. मुलगा म्हणाला, “सुट्टी मोठ्या मुश्किलीनं मिळालीय.” बाईंनी डबे भरून आणले होते. मला सांगता आलं असतं. मी त्यांना गाडीखाली नेऊन ती रेघ दाखवू शकलो असतो. पण त्या चौघांचे चेहरे बघून माझ्या मनात आलं, दीड-दोनशे किलोमीटरचा तर रस्ता. केसाएवढी चीर. आल्यावर बदलू.

मी माझ्या हाताने फडकं सोडलं.

सरांनी विचारलं, “मेजर काय म्हणाले?”

“त्यांनीच आवळून दिलीय,” मी म्हणालो.

दुपारी मेजरांचा फोन आला. लग्नातून बोलत असतील असं वाटलं, पण मागे वाजंत्री नव्हती, माणसांचा गलका होता. त्यांचा आवाज अगदी सपाट होता.

“मालक, सरांची गाडी. डावा पाटा. बाई आत व्हत्या.”

पुढे ते काय बोलले ते माझ्या कानात शिरलं नाही. कराडच्या दवाखान्याचं नाव त्यांनी तीन वेळा सांगितलं असेल.

काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. पाटणच्या पुढे उताराच्या वळणावर पाटा चिरेतून तुटला. आस मागे सरकला, चाक गाडीला घासून अडकलं, गाडी आडवी झाली आणि रस्त्याकडेच्या चरीत कलंडली. जीप कशीबशी थांबली. बाईंची कंबर धरली होती म्हणून त्या मागच्या पलंगावर आडव्या झाल्या होत्या. नातही त्यांच्याजवळच होती. तिला मळमळायला लागलं म्हणून दहा मिनिटांपूर्वी गाडी थांबवून तिला पुढे जीपमध्ये घेतलं होतं. दहा मिनिटं. हा आकडा आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

धावून आलेल्यांपैकी कुणीतरी दारावर रंगवलेला नंबर बघितला आणि फोन लावला. तो मेजरांचा. लग्नाचं घर तिथून जवळच. पंगतीतून उठून ते पोचले. दार वाकून अडकलं होतं. पहारीने ते उचकटून बाईंना बाहेर काढणाऱ्यांत तेच पुढे होते. आणि तुटलेल्या पाट्यावर त्यांनी घासलेला खडू तसाच होता. हे मला त्यांनी सांगितलं नाही. नंतर मी गाडी बघायला गेलो, तेव्हा मीच तो पाहिला.

कराडला पोचलो तेव्हा मेजर दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे होते. लग्नातला फेटा डोक्यावर, पांढरा सदरा मातीने आणि रक्ताने भरलेला. बाईंचं कमरेचं हाड मोडलं होतं, खांदा निखळला होता. जिवाचा धोका नाही, असं डॉक्टर म्हणत होते. सर बाकावर बसले होते. त्यांचे हात मांडीवर नुसते ठेवल्यासारखे होते.

मुलगा माझ्या अंगावर आला. “गाडी पास कुणी केली? मला नाव सांगा.”

सरांनी मान वर केली. “मेजरांनीच आवळून दिली म्हणाला होतात ना तुम्ही?”

मेजर माझ्यापासून दोन हातांवर होते. फडकं त्यांनी बांधलं होतं, आणि ते सोडल्याशिवाय गाडी पाटणपर्यंत आली नसती, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी तोंड उघडलं. मला अजून वाटतं, मी खरंच सांगणार होतो.

“हो,” मी म्हणालो.

माझाच आवाज ऐकून मी हादरलो. एवढा सोपा शब्द, आणि तो माझ्या तोंडून गेला होता.

मेजरांनी माझ्याकडे बघितलं. राग असता तर मला बरं वाटलं असतं. शेडमध्ये वर्षानुवर्षं रोज दिसणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच बघतोय, असं काहीतरी त्या नजरेत होतं. मग ते मुलाकडे वळले.

“व्हय. गाडी मी तपासली व्हती,” एवढंच म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेलो. “मेजर, ऐका तरी,” म्हणालो. ते थांबले नाहीत. रस्ता ओलांडला, स्टँडकडे चालत गेले. कुपवाडला ते पुन्हा आले नाहीत. त्यांचे पाने, त्यांचं पोतं शेडमध्येच राहिलं. फोन केला तर उचलत नव्हते.

मी गप्प राहिलो. कामगार काही विचारत नव्हते, पण मी गेलो की त्यांचं बोलणं थांबायचं. मुलाने चार ठिकाणी सांगितलं, आणि आमची गिऱ्हाइकं एकमेकांना ओळखणारी. आठ-दहा दिवसांनी आष्ट्याचे एक गिऱ्हाईक आले. चहा घेता घेता म्हणाले, “बरं केलंत त्या म्हाताऱ्याला काढलंत. फोन करून डोकं खायचा आणि स्वतःचं काम असलं!”

त्या माणसाचा कप अजून भरलेला होता. मी त्याला तसाच सोडून गाडीत बसलो आणि साताऱ्याला गेलो.

बाई घरी आल्या होत्या. पुढच्या खोलीत लोखंडी खाट, त्यावर झोपलेल्या. सर खुर्चीत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रेघ, खडू, फडकं, दवाखान्यातलं माझं ‘हो’. बोलून झालं तेव्हा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

बाई म्हणाल्या, “मेजरांचा रोज फोन येतो. सकाळी दहाला. ‘बाई, आज उठून बसलात का?’ म्हणून विचारतात.” “मी त्यांना परवा बोलले. म्हटलं, मेजर, तुमच्याकडून असं कसं झालं? ते म्हणाले, चुकलं बाई. तुमचं नाव एकदाही नाही घेतलं.”

मी रडायला लागलो. सरांनी मला रडू दिलं. नंतर आपला फोन माझ्यासमोर धरला आणि शाळेत बोलत असतील त्याच आवाजात म्हणाले, “मुलाला सांगा. आत्ता. माझ्यासमोर.”

सांगितलं. पोलिसांत जाऊन जबाबही दिला. त्याचं पुढे जे व्हायचं ते होईल. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी स्वतः फोन केला. आष्ट्याच्या त्या गृहस्थांना सगळ्यांत आधी.

मग पाटणला गेलो. मेजर अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होते. बायकोला चहा ठेवायला सांगितला. मी बोलायला लागलो तसा त्यांनी हात वर केला.

“बाईंनी सांगितलं सगळं.”

“मेजर, परत या. मला माफ करा, पण परत या.”

ते शेंगा पसरत राहिले. “तुमी खोटं बोलला म्हणून मी यायचा थांबलो, असं न्हाई, मालक. ते तुमचं तुमी बगा. मला रेघ दिसली व्हती. मी फडकं बांधलं आन् लग्नाला गेलो. चाक काढून ठिवलं असतं तर? गाडी हललीच नसती. अर्ध्या तासाचं काम. फेट्याची घाई झाली मला.”

“तुमचा काय दोष त्यात?”

“हाय की. लय हाय.” त्यांनी आपल्या तळहातांकडे बघितलं. “आता गाडीखाली सरकाय गेलो की बाईंचा आवाज येतोय. त्या आतनं हाका मारत व्हत्या, मालक. दार उगडंना. मला न्हाई जमायचं.”

या माणसाला धक्का बसला असेल, तो हलला असेल, हे इतक्या दिवसांत माझ्या मनात आलंच नव्हतं. मी माझंच धरून बसलो होतो. चहा आला. आम्ही दोघांनी घेतला. त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. आजही मला ते माहीत नाही.

आता आमच्याकडे पाट्यात खोट निघाली की आधी चाक काढून आत कुलुपात ठेवतो. माणूसही नवा आहे, हुशार आहे. पण काही गिऱ्हाइकं अजून विचारतात, “आम्हाला फोन करायचे ते कुठे गेले?”

गेल्या महिन्यात जबाबाच्या कामासाठी साताऱ्याला गेलो होतो. स्टँडवरून चालत जाताना पाटणच्या गाडीत, खिडकीशी मेजर दिसले. अंगावर इस्त्रीचा सदरा. मी थांबलो. हाक मारायचा धीर झाला नाही. गाडी सुरू झाली, मागे येऊन वळायला लागली. त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी खिडकीची काच सरकवली, डोकं बाहेर काढलं आणि इंजिनाच्या आवाजातही ऐकू येईल असं ओरडून मला सांगितलं:

“बाई आज दारापातूर चालत आल्या!”