एक मूठ माती, थोरल्या झाडाखालची

रोपवाटिकेतल्या मावशींच्या हाताला गुण आहे, असं सगळेच म्हणायचे. टेकडीवरच्या थोरल्या झाडाचं बी लावायचं तर पिशवीत एक मूठ माती त्याच झाडाखालची घालायची, ही त्यांच्या सासूबाईंची शिकवण. "लेकराला आईची कूस लागते," असं सासूबाई म्हणायच्या. आणि खरंच, रोपं कशी तरारून यायची.

पुढे परक्या तणानं सगळा उतार गिळला. त्या जातीची बाकीची झाडं गेली, थोरलं तेवढं राहिलं. सात वर्षांनी त्याला बी धरलं आणि त्याच साली ते वाऱ्यानं उन्मळून पडलं. मावशींनी गुडघ्यांवर रांगत दोनशे बारा बिया वेचल्या. आता त्याचा वंश राहायचा तर एवढ्यांवरच. म्हणून यंदा त्यांनी एकीच्या जागी दोन मुठी घातल्या.

रोपं उगवली, दोन पानांवर आली आणि पिवळी पडायला लागली.

सोबत काम करणारी नणंद म्हणाली, "वहिनी, पाणी जास्त होतंय तुमच्या हातून."

"तू मला पाणी घालायला शिकव आता! तुझी तर कुंडीतली तुळससुद्धा जगत नाही."

"ती तुमच्या भावोजींमुळे. चहाचा चोथा ओततात तिच्यात."

दोघी हसल्या, पण मावशींचे डोळे पिशव्यांवरच होते.

शेवटी माती तपासणाऱ्या बाई आल्या. एक रोप वाटीत धुऊन त्यांनी मुळं भिंगाखाली धरली.

"ह्या झाडाच्या मुळांना एक बुरशी बिलगून असते. जमिनीतलं सत्त्व तीच मुळांना भरवते. इथं ती नावालाही नाही. ते तण मुळांतून जे सोडतं, त्यानं ती मरते. तणाला मात्र तिच्यावाचून काही अडत नाही."

"पण मी थोरल्या झाडाखालचीच माती आणली."

"झाडाखाली इतकी वर्षं काय माजलं होतं?"

"तण. पण मी आधी उपटलं ना! काडी ठेवली नाही."

"वरचं गेलं, मावशी. माती त्याचीच झाली होती."

मावशींनी वाटीतलं रोप उचलून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "आणि फाटकाजवळच्या साध्या मातीत लावली असती तर?"

बाईंनी भिंग पुसलं. "काही तगली असती. तिथं ते तण नाही, थोडी तरी बुरशी असते."

त्याच दिवशी दोघींनी सगळी रोपं फाटकाजवळच्या मातीत हलवली. मुळांत जीवच नव्हता. हलवताना निम्मी गेली. महिन्याभरात एकोणीस उरली, मग चार, मग एकही नाही.

"वहिनी, तुम्ही जाणूनबुजून केलं का?" नणंद समजावत राहिली. "माया केली म्हणूनच तर दोन मुठी घातल्यात."

"तेच तर," मावशी म्हणाल्या.

घरी येऊन त्या देवापुढे बसल्या. हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. बी संपलं होतं.