दोन दिवसांची वाट

मेलबर्न ते हैदराबाद हे अंतर नऊ हजार किलोमीटरच्या वर. सिंगापूरला विमान बदलायचं धरूनही प्रवास पंधरा-सोळा तासांचा. हैदराबादहून सोलापूरच्या रस्त्यावर आमचं नळदुर्ग, मोटारीनं पाच तास. म्हणजे आज दुपारी निघालेला माणूस उद्या दुपारी घरी. हा हिशेब मी घरी कधी सांगितला नाही. दोन दिवस लागतात, असं सांगितलं.

नोकरीसाठी मेलबर्नला गेलो, त्या पहिल्या वर्षी वडिलांनी, अण्णांनी, खंडोबाच्या जत्रेला बोलावलं. मला यायचं नव्हतं. भांडण नव्हतं, काही नव्हतं. तिकडं सुटल्यासारखं वाटत होतं, एवढंच. "दोन दिवस जायला, दोन यायला. रजा कुठं पुरते?" म्हणालो. अण्णांना पटलं. पुढं दरवर्षी तेच. हायवेवरच्या धाब्यावर ते ऐटीत सांगायचे, "आमचं थोरलं दोन दिवसाच्या वाटंवर हाय."

"अण्णा, इमान हाय का बैलगाडी?" कुणीतरी विचारायचंच.

"मधी समुद्र हाय बाबा. तुला काय कळतंय!"

दोन-तीनदा आलो, तेव्हाही निघाल्याचा दिवस एक आधीचा सांगितला.

अण्णा एका सकाळी गेले. धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, बर्फाच्या लाद्या आणून उद्यापर्यंत कसंबी थांबता येतंय. पण तुला दोन दिवस. चुलते म्हणतेत, दिवस मावळायच्या आत उरकू. काय करू?"

'उद्या दुपारी पोचतो, थांबा' एवढंच म्हणायचं होतं. पण मग इतक्या वर्षांचं खोटं सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं. मी म्हणालो, "उरका." अग्नी थोरल्यानं द्यायचा, तो धाकट्यानं दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादला उतरलो आणि एका लॉजवर जाऊन पडून राहिलो. दोन दिवस भरायला पाहिजे होते ना. घरी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. आईनं गरम पाणी आणलं. "बसून बसून पाय सुजले असतील," म्हणाली.

यंदा गावी आलो तेव्हा तिला माझ्याकडं न्यायचं मनात होतं. शेंगा फोडता फोडता ती म्हणाली, "दोन दिवस बसणं माझ्यानं व्हायचं न्हाय रे."

तेव्हा सांगावं लागलं, की तेवढं लांब नाही.

तिचे हात थांबले. "मग त्या टायमाला?"

सगळं सांगितलं. लॉजसकट.

तिनं शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाली, "मला सांगून काय करतूस? धाकट्याला सांग. थोरल्या भावाला बापाचं तोंडबी बघू दिलं न्हाईस म्हणून भावकी अजून टोचती त्याला. आन तू शेजारी बसून ऐकतूस." खरं होतं. दरवेळी मी मान खाली घालून जेवत राहिलो होतो. "तिकिटाचं मग बघू."

धाकटा रानात पाणी देत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडं बघितलं नाही. खोऱ्यानं सरीच्या तोंडचं मातीचं दारं मोडून पाणी पुढच्या सरीला लावलं, आणि म्हणाला, "अण्णांच्या श्राद्धाला भावकी जेवायला बसती, तवा सांगशील?"

"व्हय."

"आदी सांगायचं. जेवण झाल्यावर न्हाय."

श्राद्धाला अजून वेळ आहे. मी मेलबर्नला परतलोय, माझं यायचं तिकीट काढलंय. कधी निघणार आणि कधी पोचणार, हे या वेळी घरी खरं सांगितलंय.