पानावरचा तेलाचा डाग

ग्रंथालयातल्या बाईंनी बाबांच्या कागदांचं खोकं उघडलं आणि एका पानावर बोट ठेवलं. "हा तेलाचा डाग कसला?" मी ते पान हातात घेतलं.

तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता आणि बाबांचा सारा अभ्यास पोर्तुगीज कवितेचा. मला घेऊन गोव्याहून परतताना, आपल्या हद्दीतल्या दोडामार्गच्या नाक्यावर पोलिसाने त्यांची पिशवी उपडी केली आणि त्यांनी उतरवून घेतलेल्या कवितांची पानं बाहेर पडली. "ही कुठली भाषा? हेरगिरी करतोस?"

कॉलेजात शुद्ध मराठीत शिकवणाऱ्या बाबांनी अडाण्यासारखे हात जोडले आणि मालवणीत म्हणाले, "रद्दी आसा, सायबा. माका खंय वाचूक येता? काजू बांधूक हाडलंय."

"काजू बांधायला आणलीस होय!" पोलीस हसला. मूठभर पानं त्याने शेजारच्या भजीवालीकडे टाकली. तिने त्यातल्याच एका पानात आम्हाला भजी दिली. बाबांनी ती खाल्ली, ते पान पुसून खिशात घातलं. बाकीची तिथेच राहिली.

मी दहा वर्षांची होते. बाबांची इतकी लाज वाटली की एसटीत मी त्यांच्यापासून सरकून बसले. मी सोबत होते म्हणूनच ते खोटं बोलले, हे कळायला फार वर्षं गेली.

त्या दिवशी घरी आई वाट पाहत होती. एसटीच्या खिडकीबाहेर बघतच ते त्याच बोलीत हळूच म्हणाले, "आवशीक सांगा नको हां, बाय."