अर्थिंगचा खड्डा

सौसरच्या आमच्या नव्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर येणार होता. खर्चाचा अंदाज मीच केला होता. लोधीखेड्याहून आलेला वायरमन त्या कागदावर टेस्टर फिरवत वाचत गेला आणि थांबला.

"बाबूजी, मशीन लिवली, कूलर लिवला. अर्थिंग कुठं हाय? करंट जमिनीत उतरन कुठून?"

अर्थिंग लिहायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. मंजुरी होऊन गेली होती.

त्यानं भिंतीमागं खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला. "याले रोज बादलीभर पाणी द्या. कोरडा पडला तं मशीन गेली समजा."

दोन वर्षं मीच पाणी घातलं. बदली झाली तेव्हा चार्ज सोपवायच्या यादीत खुर्च्या होत्या, पंखे होते, खड्डा नव्हता. नव्या बाबूंना तोंडी सांगितलं.

"यादीत नाही ना? मंग राहू द्या."

वैशाख तापला की अजून वाटतं, तो खड्डा कोरडा पडला असेल.