श्वासावरून पुस्तक

आमच्या गावच्या प्रार्थनाघरात डाव्या हाताला बायकांचे बाक, आणि बाकांच्या शेवटी एक निळं कपाट आहे. त्याची किल्ली बावीस वर्षं ग्रेता कोर्नेयेव्नाच्या एप्रनच्या खिशात होती. पिढ्यांपूर्वी इथे येऊन वसलेले गावातले जर्मन एकेक करून जर्मनीला निघून गेले. जाताना गाई विकल्या, घरं विकली. बायबल कुणी विकत नाही, म्हणून ती ग्रेताकडे देऊन गेले. ती स्वतः गेली नाही. नवरा इथल्या मातीत होता, मूलबाळ नव्हतं. भाऊ हाइनरिख तिकडून बोलवायचा तेव्हा ती म्हणायची, "कुलूप लावायला कुणीतरी राहायला हवं ना."

आता बाकांवर इथले मूळचे किर्गिझ बसतात, थोडे रशियन बसतात. कपाटात त्यांच्यासाठी तीन तऱ्हांची बायबलं: जुन्या भारदस्त रशियनमधलं, आजच्या बोलण्यातल्या रशियनमधलं आणि किर्गिझमधलं. जर्मन प्रती सगळ्यात वरच्या खणात. त्यांना कुणाचा हात लागत नसे.

पुस्तक मागायला कुणी आलं, तर कोणतं हवं हे ग्रेता विचारायचीच नाही. ती त्याला आपल्या स्वयंपाकघरात बसवायची आणि एकच स्तोत्र तिन्ही पुस्तकांतून मोठ्याने वाचायला सांगायची. डोंगरांकडे डोळे लावून मदतीची वाट पाहणाऱ्या माणसाचं स्तोत्र. स्वतः पाठ फिरवून खिडकीशी उभी राहायची. तिथून आमचेही डोंगर दिसतात, उन्हाळ्यातसुद्धा बर्फाचे. वाचणारा कुठे अडखळतो, कुठे घाईने पुढे सरकतो आणि कुठे त्याचा श्वास खाली बसतो, हे ती ऐकायची. मग वळून एक पुस्तक हातात द्यायची. "तोंड खोटं बोलतं," ती म्हणायची. "श्वासाला तेवढी अक्कल नसते."

म्हातारा प्योत्र साव्हेलिच नव्या रशियनवर कायम चिडलेला. एकदा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "हे काय भाषांतर आहे? देव बाजारात टोमॅटो विकतोय असं वाटतं."

"तुला जुनंच दिलंय की," ग्रेता म्हणाली. "नवं तुझ्या बायकोला दिलंय. तिला जुनं कळत नव्हतं, म्हणून तर इतकी वर्षं तुझं ऐकत होती."

सायराकुल आली तेव्हा पंचविशीची होती. आठवीत शाळा सुटलेली, घरोघर दूध घालायची. हट्ट धरून तिने जुनं रशियन मागितलं. शिकलेली माणसं तेच वाचतात म्हणून. ग्रेताने तिला किर्गिझ दिलं. ती रुसली. महिन्याभराने दुधाच्या बरणीशेजारी लोण्याचा गोळा ठेवून गेली. तेव्हापासून ती ग्रेताला, आईला म्हणावं तसं, आपा म्हणते.

दोन हिवाळ्यांपूर्वी ग्रेताचे डोळे गेले. काचबिंदू. शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, उशीर झाला. किल्ली पाळकांकडे गेली. ते कपाट उघडतात आणि म्हणतात, "घ्या, आवडेल ते."

घरी ग्रेताचं स्वतःचं एक बायबल होतं, आजीचं, जुन्या टोकदार जर्मन अक्षरांतलं. ते आता तिच्या मांडीवर असायचं, बंद. गावात ती अक्षरं लागणारं दुसरं कुणी नव्हतं. हाइनरिखने फोनवर ऐकायचं बायबल पाठवलं.

"ऐकलंस का?" त्याने विचारलं.

"ऐकलं. माणूस चांगला वाचतो. उद्या पाऊस पडणार, असं काहीसं सांगतोय वाटतं."

"ती आजची जर्मन आहे, ग्रेता. इथे सगळे तीच वाचतात."

"असेल. आमच्या स्वयंपाकघरात तसं कुणी बोललं नाही कधी."

त्यानंतर तिने तो आवाज लावला नाही. प्रार्थनेलाही येईनाशी झाली. दुसऱ्यांच्या हातांत पानं उलटताना ऐकवत नाहीत, एवढंच ती सायराकुलला म्हणाली.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सायराकुल दूध ठेवून लगेच निघाली नाही. तिने शेगडीत कोळसा घातला, चहा ओतला आणि पिशवीतून तीन पुस्तकं काढली.

"हे काय आणलंस?"

"आपा, गप्प बसायचं. वाचणाऱ्याने नाही, ऐकणाऱ्याने ठरवायचं, हे तुमचंच ना?"

"रशियन धड येत नाही तुला."

"नसू दे. तुम्ही पाठ फिरवा, नेहमीसारखी."

ग्रेता खरंच खिडकीकडे तोंड करून बसली. सायराकुलने ते स्तोत्र जुन्या रशियनमधून वाचलं. ग्रेता बशी सरळ करत राहिली. नव्यातून वाचलं. ग्रेता म्हणाली, "उगाच दमतेस."

मग किर्गिझ. सायराकुल अजूनही ओळीवर बोट ठेवून वाचते. एक ओळ, मग थांबा, बोट खाली येईपर्यंत. त्या पहिल्याच थांब्यात ग्रेताचे ओठ हलले. आजीच्या जर्मनमध्ये तीच ओळ, अगदी हळू. पुढची ओळ, पुढचा थांबा, पुन्हा जर्मन. सायराकुलने मान वर केली नाही. ती आणखी सावकाश वाचू लागली.

सहाव्या ओळीपाशी जर्मन आलंच नाही. ग्रेताने तोंड उघडलं, मिटलं. एप्रनच्या रिकाम्या खिशात तिचा हात काहीतरी शोधत राहिला.

"थांबू?" सायराकुलने विचारलं.

"नको. ती गेली. पुढची वाच."

सातवी अर्धी आली. आठवी आली.

निघताना सायराकुलने किर्गिझ प्रत टेबलावर, आजीच्या पुस्तकाशेजारी ठेवली.

"मला ही काय करायची?"

"तुम्हाला नाही, मला. दर वेळी कोण उचलून आणणार? शुक्रवारी दूध द्यायला येईन, तेव्हा वाचीन."

दार लागलं. अंगणातल्या बर्फावर पावलं वाजली आणि विरली. ग्रेताने दोन्ही पुस्तकं चाचपून एकावर एक ठेवली आणि सहावी ओळ मनातल्या मनात पुन्हा शोधू लागली. शुक्रवारला तीन दिवस होते.